किल्ल्यातील कोंडलेले छत्रपती

यवतमाळ (प्रतिनिधी) : लोकमान्य टिळक म्हटले की यवतमाळकरांना आठवतात ते त्यांचे निष्ठावंत अनुयायी लोकनायक बापूजी अणे. टिळकांचा पहिला तुरुंगवास मात्र ज्या तरुण राजासाठी घडला, तो कोल्हापूरचा छत्रपती आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

चौथे शिवाजी महाराज यांचा जन्म १८६३ चा, सावंतवाडीच्या भोसले घराण्यातला. राजाराम महाराजांचे १८७० मध्ये इटलीतील फ्लोरेन्स येथे निधन झाले आणि पुढील वर्षी हा आठ वर्षांचा मुलगा गादीवर दत्तक आला. इंग्रज शिक्षक व अधिकारी यांच्या देखरेखीत तो वाढला. वयात येता येताच त्याला वेड लागल्याचे सरकारने ठरविले. कारभार कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजंट म्हणून गेला आणि महाराजांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले.

महाराजांचा छळ होत असल्याचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. आधार म्हणून छापलेली पत्रे बनावट निघाली. बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पत्रे खोटी ठरली म्हणून कोंडणे योग्य ठरत नाही, हे मात्र तेव्हा बाजूलाच राहिले.

महाराज खरोखर आजारी असतीलही. पण आजारी माणसाला आप्तांपासून दूर, गोऱ्या शिपायाच्या पहाऱ्यात ठेवणे याला उपचार कसे म्हणावे? शिवाय दाद मागावी तर कुणाकडे? संस्थानिकाचा निर्णय सरकारच्या राजकीय खात्याच्या हाती होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आज संमतीविना दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. मुदत प्रथम जास्तीत जास्त ३० दिवसांची, पुढे पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. रुग्णाला त्या मंडळाकडे अपीलही करता येते. महाराजांच्या कोंडवासाला मुदतच नव्हती.

२५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि त्यात विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी रीजंट जयसिंगरावांचेच पुत्र यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज.