गुलामीत जन्मलेल्या माणसाने शेतीचीच पदवी का घेतली?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या गुलामांपैकीच एक आठ-नऊ वर्षांचा पोरका मुलगा तेव्हा मिसुरी राज्यातील डायमंड गावाजवळ जुन्या मालकाच्या घरी धुणे, शिवण आणि स्वयंपाक शिकत होता. पुढे जग त्याला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हणून ओळखू लागले. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकामुळे मराठी वाचकाला हे नाव परिचयाचे आहे. त्याच्या कष्टांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याने कोणती पदवी घेतली, का घेतली आणि त्या पदवीने त्याला नोकरी कशी दिली, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून जी घालमेल सुरू होते, ती पाहता हाच धागा आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मुलगा किंवा मुलगी वेगळ्या अभ्यासक्रमाचे नाव काढते आणि आईबाप विचारतात, त्याला नोकरी कुठे आहे? हा प्रश्न चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर होतो, त्या घरात वाया गेलेली पदवी एका पिढीला मागे टाकते. परंतु रुळलेली वाट तरी सुरक्षित असते काय? २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजे निघाली. २०१२ साली राज्य सरकारने शिक्षक भरती थांबवली आणि पदविका हातात घेतलेली हजारो मुले घरी बसली. आमच्या वकिलीच्या धंद्यात सनद घेऊन बार रूममध्ये दिवस काढणारी किती तरुण मंडळी आहेत, हे आम्ही रोज पाहतो.

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास झाला. नक्की तारीख कोणी नोंदवलीच नाही, गुलामाच्या जन्माची नोंद ठेवतो कोण? तान्हेपणीच आईसह त्यांना गुलाम पळवणाऱ्या टोळीने उचलून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी एका घोड्याच्या बदल्यात मूल परत मिळवले, आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही. गावातील शाळा काळ्या मुलांना बंद होती, म्हणून हा मुलगा काही मैल दूर निओशोला गेला आणि परक्या घरी राहून शिकला. पुढे कॅन्सस राज्यात गावोगाव फिरत, लोकांचे कपडे धुऊन त्याने शाळा पुरी केली. हायलँड कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून नाकारला. आमच्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

१८९० साली आयोवा राज्यातील सिम्पसन कॉलेजने त्यांना घेतले. तेथे ते चित्रकला आणि पियानो शिकू लागले. हात इतका चांगला होता की १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात त्यांचे चित्र लागले. परंतु त्यांच्या चित्रकला शिक्षिका एटा बड यांनी त्यांच्यापुढे पोटाचा सवाल ठेवला. काळ्या माणसाची चित्रे विकत घेणार कोण? या मुलाला झाडांची विलक्षण जाण आहे, हे त्यांनी पाहिले होते. त्यांचे वडील एम्स येथील आयोवा राज्य कृषी महाविद्यालयात फलोद्यानाचे प्राध्यापक होते. त्यांच्या सल्ल्याने कार्व्हर १८९१ साली तेथे दाखल झाले, त्या कॉलेजातील पहिले काळे विद्यार्थी म्हणून. जेवायला मात्र त्यांना तळघरात, शेतमजुरांबरोबर बसवण्यात आले. १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळाली. विशेष अभ्यास होता वनस्पतींवरील बुरशीचा.

आता हे लक्षात घेतले पाहिजे की, त्या काळच्या मुक्त झालेल्या काळ्या समाजाला शेतीचा तिटकारा होता आणि तो रास्त होता. शेती म्हणजे मालकाचा मळा आणि पाठीवरचा चाबूक. पुढे टस्कीगीतही शेतीच्या वर्गाला जायला मुले नाखूश असत. त्यामुळे कृषिविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला काळा माणूस शोधून सापडत नव्हता. नेमके याच वेळी अलाबामातील टस्कीगी संस्थेत बुकर टी. वॉशिंग्टन यांना शेतकी विभाग उभा करायचा होता आणि प्राध्यापक काळाच हवा होता. मिसिसिपीतील अल्कॉर्न या काळ्यांच्या कॉलेजानेही कार्व्हर यांना विचारले होते. १८९६ साली ते टस्कीगीला गेले. पगार वर्षाला १००० डॉलर आणि जेवणखाण. काही सहकाऱ्यांना ते खुपले, हेही नमूद केले पाहिजे.

पदवीची किंमत येथे दोन गोष्टींनी ठरली. समाजाला गरज होती आणि त्या गरजेसाठी पगार देणारी समाजाची स्वतःची संस्था १८८१ पासून उभी होती. टस्कीगी नसती तर एम्सच्या काचगृहात रोपे सांभाळण्यातच त्यांचा जन्म गेला असता, असे आम्हाला वाटते. आपल्याकडे वेगळ्या अभ्यासक्रमाची चर्चा होते तेव्हा ही दुसरी बाजू कोणी काढत नाही.

तेथे गेल्यावर प्रयोगशाळा नव्हती. कचऱ्यातील बाटल्या आणि भांडी गोळा करून त्यांनी ती केली. कापूस घेऊन घेऊन जमीन मेली होती, वर बोंडे पोखरणारा भुंगा पसरत होता. त्यांनी चवळी, भुईमूग, रताळी घ्यायला लावली, कारण शेंगवर्गीय पिके जमिनीला नत्र परत देतात. १९०६ साली खेचरांच्या गाडीवर अवजारे आणि बियाणे घालून फिरती शाळा गावोगाव गेली आणि ती चालवणारे त्यांचे विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे पहिले काळे विस्तार अधिकारी झाले. एका वेगळ्या पदवीतून दुसऱ्याची सरकारी नोकरी निर्माण झाली ती अशी. १९२१ साली भुईमुगाच्या आयात करावर अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्यांना दहा मिनिटे मिळाली होती, सदस्यांनीच ती वाढवून दिली.

शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध त्यांनी लावला, ही मात्र दंतकथा आहे. भुईमुगापासून त्यांनी सुचवलेल्या शेकडो वस्तूंपैकी फारच थोड्या बाजारात टिकल्या, पेटंटे तर अवघी तीन. त्यांचे खरे काम गरीब कुळांच्या शेतात आणि ताटात झाले.

एक आक्षेप येथे घ्यावाच लागेल. काळ्यांना हातकाम शिकवून गोऱ्यांच्या सोयीचे ठेवू नका, अशी टीका डब्ल्यू. ई. बी. दुबॉय यांनी टस्कीगीवर १९०३ साली केली. हे तेच दुबॉय, ज्यांना पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले. त्यांची टीका आम्हाला मान्य आहे. आमच्या मुलांना गवंडीकाम आणि वायरिंग, त्यांच्या मुलांना विद्यापीठ, अशी वाटणी आम्हीही स्वीकारणार नाही. परंतु कार्व्हर त्या वाटणीत बसत नाहीत. ते नांगर धरायला शिकले नव्हते, ते मातीचे आणि बुरशीचे शास्त्र शिकले होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत मृदाशास्त्राला, वनस्पती रोगशास्त्राला किंवा अन्नतंत्रज्ञानाला जाणाऱ्या आपल्या मुलीला कोणी बापजाद्यांच्या मजुरीची आठवण करून देत असेल, तर त्याला हा फरक सांगावा.

कार्व्हर यांनी लग्न केले नाही, पगारवाढ मागितली नाही आणि टस्कीगी सोडली नाही. ५ जानेवारी १९४३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची बचत, सुमारे ६० हजार डॉलर, त्यांनी पुढच्या संशोधकांसाठी १९४० साली टस्कीगीतच स्थापन झालेल्या संशोधन प्रतिष्ठानाला दिली.