नोकरी जाते तेव्हा...

मुंबईत लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. मैत्रिणींनो, रस्त्याची पाटी सगळेच वाचतात, पण हे जोशी कोण, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

नारायण मल्हार जोशी १८७९ साली कोकणातल्या गोरेगावला जन्मले. काही वर्षं मास्तरकी केली. १९०९ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी करण्यात ते पुढे होते. बाळंतपणात कामगार बायकांना मदत मिळावी म्हणून १९२४ मध्ये त्यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं, पण १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झालाच.

१९२८ मध्ये गिरणीमालकांनी नवीच टूम काढली. एकाच कामगारानं जास्त साचे सांभाळायचे. म्हणजे बाकीच्यांनी घरी बसायचं! जोशी स्वभावानं मवाळ, संपाची घाई त्यांना नसे. तरीही ते कॉम्रेड डांग्यांसोबत संप समितीत बसले. संप सहा महिने चालला. घराघरांत चुली थंडावल्या, पण अखेर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

१९५३ मध्ये कामगार कपातीचा कायदा झाला. तो एकट्या जोशींनी आणला नाही, पण वाट अशाच माणसांनी पाडली. १९५५ मध्ये ते गेले.

हे सगळं आज सांगायचं कारण, आमच्या गारखेड्यातून कितीतरी बायका चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला जातात. काम कमी झालं की काही ठिकाणी त्यांच्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवतात. बचत गटाच्या बैठकीत मी हे अनेकींकडून ऐकलंय. बायांनो, तिथे सही करू नका! राजीनामा दिला की तुम्ही आपण होऊन गेलात असं धरतात आणि कपातीची भरपाई हातची जाते.

नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली, तरी मूळ हक्क तेच आहेत. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सहसा शेवटी लागलेला आधी जातो, आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी बोलवावं लागतं.

पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र डब्यात जपून ठेवा. अडलंच तर चौघी मिळून कामगार कार्यालयात जा. एकटीचं कुणी ऐकत नाही, चौघींचं ऐकावं लागतं.