न्यूयॉर्क ते पंचवटी : बाबासाहेबांनी पाहिलेले दोन समाज

विशेष प्रतिनिधी

नाशिकला येणारा भाविक रामकुंडावर स्नान करतो, सीतागुंफेत डोकावतो आणि काळाराम मंदिराच्या पायऱ्या चढून रामाचे दर्शन घेतो. पंचवटीतील हे काळ्या पाषाणाचे मंदिर पेशवाईच्या उत्तरकाळात सरदार रंगराव ओढेकर यांनी उभारले. मंदिराला चारही दिशांना दरवाजे आहेत. २ मार्च १९३० रोजी हे चारही दरवाजे बंद होते आणि बाहेर हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष दर्शनासाठी उभे होते. त्यांचे नेतृत्व करणारे ३८ वर्षांचे बॅरिस्टर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे आणि लंडन विद्यापीठाचे डॉक्टर होते. सातासमुद्रापलीकडच्या परक्या समाजाने त्यांना वर्गात, ग्रंथालयात आणि जेवणाच्या मेजावर शेजारी बसवले होते. जन्मापासून ज्या समाजात ते वाढले, त्या समाजाने मात्र त्यांना देवळाच्या दारात अडवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे सारे आयुष्य या दोन अनुभवांमधील अंतराचा हिशेब मागण्यात गेले.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात शिक्षक होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि पाणी पिण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागे. १९०१च्या सुमारास वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह कोरेगावला निघालेल्या या मुलाला मसूर स्थानकावरून बैलगाडी मिळाली, ती दुप्पट भाडे मोजून आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर. शिदोरी बरोबर असूनही ती रात्र मुलांनी उपाशी काढली, कारण त्यांना वाटेत कोणी पाणी दिले नाही. अंगावर चांगले कपडे होते, खिशात पैसे होते. मात्र जात कळताच दोन्ही निरुपयोगी ठरले. हा धडा त्यांना वयाच्या दहाव्या वर्षी मिळाला.

१९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढचा मार्ग बडोद्याच्या महाराजांनी खुला केला. हे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावचे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला आणि त्याने एका सुभेदाराच्या मुलाला तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. १९१३च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले.

मेजावरची समानता

पहिली अडचण अन्नाची आली. वसतिगृहातील गोमांसाचे आणि बेचव जेवण त्यांना मानवले नाही. काही दिवसांतच ते देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर त्यांनी खोली घेतली आणि तेथे जडलेली मैत्री जन्मभर टिकली. पेहराव, भाषा, हवामान, मुलामुलींनी एकत्र वावरणे हे सारेच नवे होते. पण या फरकांना माणूस आठवड्याभरात सरावतो. सर्वांत मोठा फरक वेगळाच होता. आपण पेल्याला हात लावला म्हणून कोणी उठून गेले नाही, बाकावर शेजारी बसण्याआधी कोणी जात विचारली नाही. अमेरिका आणि युरोपातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

येथे त्यांनी झपाटल्यासारखा अभ्यास केला. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई हे गुरू त्यांना लाभले. लोकशाही ही राज्यपद्धती असण्याआधी एकत्र जगण्याची रीत असते, हा ड्यूई यांचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. ९ मे १९१६ रोजी मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे कुंपण घातलेला वर्ग आणि जातीतच लग्न करण्याचे बंधन हे ते कुंपण, अशी मांडणी त्यात होती. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा संबंध त्यांनी याच बंधनाशी जोडला. आपला समाज दुरून पाहिल्यामुळे त्याची रचना त्यांना अधिक स्पष्ट दिसली.

त्या अमेरिकेलाही डाग होते. कोलंबियापासून जवळच असलेल्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती आणि दक्षिणेकडील राज्यांत त्यांच्यासाठी शाळा, गाड्यांचे डबे, पाण्याचे नळही वेगळे होते. चिनी मजुरांना देशात यायला १८८२च्या कायद्याने बंदी होती आणि ती १९४३ पर्यंत टिकली. बाबासाहेबांना ही बाजू ठाऊक होती. कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे समान संरक्षण देणाऱ्या अमेरिकी घटनेतील चौदाव्या दुरुस्तीने त्यांचे लक्ष वेधले. पुढे त्यांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तपशिलाने तुलना केली, तर १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहारही केला. त्यांनी अमेरिकेची भाबडी स्तुती केली नाही. तेथील अन्याय कायद्याच्या पुस्तकात सापडत होता, त्यामुळे कायद्याने त्याच्याशी झुंजता येत होते. येथील अन्याय धर्माच्या नावाने घरोघरी पाळला जात होता.

दोन विद्यार्थी, दोन परतीच्या वाटा

याच काळात कोलंबियात एक चिनी विद्यार्थी ड्यूई यांच्या हाताखाली शिकत होता. त्याचे नाव हू शिह. जन्म १८९१चाच. १९१५ मध्ये तो कोलंबियात आला, म्हणजे जवळपास एक शैक्षणिक वर्ष दोघेही एकाच आवारात होते. चिनी आणि अमेरिकी जीवनातील अंतर हू शिह यांनीही अनुभवले. एकीकडे घराण्याची, वडीलधाऱ्यांची आणि परंपरेची सत्ता, तर दुसरीकडे व्यक्तीने स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची मुभा. ते १९१७ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा आईने लहानपणीच ठरवलेल्या मुलीशी त्यांनी लग्न केले. मुलीचे पाय जुन्या चालीनुसार बांधलेले होते. मात्र परतताच पेकिंग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. बोलीभाषेत साहित्य लिहिले जावे म्हणून त्यांनी केलेल्या आग्रहाने चीनमधील नवी पिढी ढवळून निघाली. १९१९ मध्ये ड्यूई चीनमध्ये आले, तेव्हा त्यांची व्याख्याने चिनी भाषेत पोहोचवण्याचे काम हू शिह यांनी केले. पुढे ते अमेरिकेत चीनचे राजदूत झाले.

बाबासाहेबही त्याच वर्षी, १९१७च्या ऑगस्टमध्ये, लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतले. त्यांनी वेगळे पाठवलेले सामान नेणारी बोट युद्धात पाणतीराने बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर शहरात एकही खाणावळ त्यांना घेईना. अखेर पारशी नाव सांगून ते पारशांच्या एका धर्मशाळेत राहिले. कचेरीतील शिपाई विटाळ नको म्हणून फाइली लांबून टाकत. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोघा मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, पण दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवर कोलंबियाचा हा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासोबत खोलीत राहणारा मित्र पारशी होता, बडोद्यात लाठ्या घेऊन आलेले लोकही पारशीच होते. माणसाची जात, धर्म, देश यांपेक्षा तो ज्या समाजरचनेत वावरतो ती त्याच्याकडून काय करवून घेते, हा प्रश्न मोठा आहे, हे या एका प्रसंगातून कळते. हू शिह यांना झगडा करावा लागला तो रूढींशी. त्या झगड्यासाठी त्यांच्या समाजाने त्यांना व्यासपीठ दिले. बाबासाहेबांना आधी डोक्यावर छप्पर मिळवायचे होते. योगायोग असा, की कोलंबियाची डॉक्टरेट दोघांनाही रीतसर मिळाली ती १९२७ मध्येच.

बंद दरवाजे

त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेब प्राध्यापक झाले, तेथेही पाण्याच्या माठावरून काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. १९२० मध्ये त्यांनी 'मूकनायक' सुरू केले, लंडनला जाऊन अपुरा अभ्यास पूर्ण केला आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला. पाण्यानंतर पाळी आली देवळाची.

नाशिकच्या सत्याग्रहाची बांधणी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव, म्हणजेच दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २ मार्च १९३० रोजी सकाळी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. दुपारी चार-चारच्या रांगांत मैलभर लांबीची मिरवणूक निघाली. त्यात सुमारे १५ हजार लोक होते आणि स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. महात्मा गांधींची दांडीयात्रा सुरू होण्यास अजून दहा दिवस होते. मंदिराचे दरवाजे बंद असल्याचे पाहून मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांपुढे बसू लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. समेटासाठी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली बोलावलेली नागरिकांची सभा सनातन्यांच्या गोंधळात उधळली गेली.

९ एप्रिलला रथोत्सव होता. रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात अस्पृश्यांचे हात दोराला लागण्याआधीच रथ पळवण्यात आला आणि दगडफेक सुरू झाली. पोलिसांचे कडे तोडून पुढे गेलेला भास्कर कद्रेकर हा तरुण रक्तबंबाळ झाला. बाबासाहेबांनाही किरकोळ दुखापत झाली. त्यानंतरचे हाल जिल्ह्यातील खेड्यापाड्यांनी सोसले. सत्याग्रहींच्या मुलांना शाळांतून काढण्यात आले, रस्ते बंद झाले, दुकानदार वाणसामान देईनात. तरीही सत्याग्रह थांबत-चालत पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. दरवाजे मात्र उघडले नाहीत.

सत्याग्रह सुरू झाल्याला चार वर्षे होताच, मार्च १९३४ मध्ये, बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून आपली भूमिका स्पष्ट केली. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा देवदर्शनाने त्यांचा उद्धार होईल, असे त्यांना वाटत नव्हते. आपली स्थिती काय आहे याची जाणीव या लोकांना व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. तो साध्य झाला होता. आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्यांचा सल्ला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात त्यांनी ड्यूई यांचे ऋण मान्य केले.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने सन्माननीय पदवी देण्यासाठी त्यांना पुन्हा बोलावले. त्याआधी चारच दिवस, १ जूनला, जॉन ड्यूई यांचे निधन झाले होते. गुरुशिष्यांची भेट राहून गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज काळाराम मंदिरात जाणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. दर्शनाच्या रांगेत शेजारी उभा असलेला माणूस कोण, हे जाणून घेण्याची गरजही कोणाला वाटत नाही. न्यूयॉर्कच्या भोजनगृहात एका मराठी विद्यार्थ्याला जे सहज मिळाले होते, ते पंचवटीत यायला अनेक वर्षे लागली, आणि त्यासाठी हजारो माणसांना बंद दारांपुढे उन्हात बसावे लागले. रामकुंडावरून मंदिराकडे जाताना त्या माणसांचीही आठवण ठेवायला हवी.