चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

एके काळी महाराष्ट्रातील घराघरांतून देवादिकांची, पौराणिक प्रसंगांची आणि शिवचरित्रातील घटनांची रंगीत चित्रे भिंतींवर लावलेली असत. सणाच्या दिवशी त्या चित्रांना हार घातला जाई. अशी चित्रे काढून जे सामान्य लोकांच्या घरात आणि मनात जाऊन बसले, त्या चित्रकारांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे शिक्षण तेथील राजाराम हायस्कूलमध्ये झाले. लहानपणापासूनच त्यांना चित्रांचा नाद होता. कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर. आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गाशी एकरूप झालेला चित्रकार त्या नगरीत होऊन गेला. अशा वातावरणात वाढलेल्या महादेवाच्या मनात आपणही चित्रकार व्हावे, ही इच्छा मूळ धरू लागली.

परंतु त्या काळी चित्रकलेवर पोट भरणे ही सोपी गोष्ट नव्हती. शिकलेल्या मुलाने सरकारी कचेरीत नोकरी धरावी, अशीच बहुतेक वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे. राजेरजवाड्यांचा आश्रय थोड्यांनाच लाभे. अशा स्थितीत चित्रकलेची वाट धरणे म्हणजे अंधारात पाऊल टाकण्यासारखे होते. महादेवाने ते धाडस केले. 1890 साली तो मुंबईस आला आणि सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला.

ही कलाशाळा 1857 साली स्थापन झाली होती. महादेव तेथे गेला त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे तिचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करून घेण्याचे मोठे काम याच ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अनेक वर्षे चालविले होते. शाळेतील शिक्षणाची रीत पाश्चात्य होती. प्रथम प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करावयाचे, उजेड कोठून येतो व सावली कोठे पडते हे बारकाईने न्याहाळावयाचे आणि हात पुरेसा तयार झाला म्हणजे मग जिवंत माणूस समोर बसवून त्याचे चित्र काढावयाचे, असा तेथील क्रम होता. हे काम चिकाटीचे होते. एक रेघ चुकली तर ती पुसून पुन्हा काढावी लागे. महादेवाने त्याचा कंटाळा केला नाही. त्याचा हात आणि डोळा दोन्ही लवकरच तयार झाले.

मुंबईत 1888 साली बॉम्बे आर्ट सोसायटी नावाची एक संस्था स्थापन झाली होती. ती चित्रांची आणि शिल्पांची प्रदर्शने भरवीत असे. तिच्या कारभारात इंग्रज अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. हौसेने चित्रे काढणारे युरोपीय स्त्रीपुरुषही आपली चित्रे तेथे ठेवीत. अशा ठिकाणी एका देशी विद्यार्थ्याने आपले चित्र पाठवावयाचे, म्हणजे मनाचा मोठा निर्धार हवा.

प्रदर्शन ही कलावंताची कसोटीच असते. काष्टीच्या बाजारात गुरे विकावयास आली म्हणजे जाणती माणसे त्यांची चाल, खांदे आणि दात पाहून पारख करतात. तेथे मालकाच्या स्तुतीचा काही उपयोग होत नाही. प्रदर्शनात चित्राचेही तसेच होते. भिंतीवर ते शेकडो चित्रांच्या शेजारी टांगले जाते. चित्रकार जवळ उभा राहून आपली बाजू मांडू शकत नाही. जे काही सांगावयाचे ते चित्रानेच सांगावयाचे असते. परीक्षक त्यातील गुणदोष हेरतात आणि येणारा-जाणारा प्रेक्षक आपले मत मोकळेपणाने बोलून दाखवितो. घरी सुंदर वाटलेले चित्र तेथे फिकेही पडते. पण जे चित्र या कसोटीस उतरते, त्याच्या कर्त्याला आपली खरी योग्यता कळून येते.

धुरंधरांनी या कसोटीला तोंड देण्याचे ठरविले. त्यांनी इंग्रजांना आवडतील म्हणून परदेशी विषय निवडले नाहीत. आपल्या भोवतालच्या घरांत जे दिसत होते, तेच त्यांनी विषय म्हणून घेतले. 1892 साली सोसायटीच्या प्रदर्शनात घरकाम या विषयावरील त्यांच्या चित्राला बक्षीस मिळाले. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात न येणाऱ्या कामालाही चित्रात मानाचे स्थान असू शकते, हे त्यावरून दिसून आले. यानंतर 1895 साली त्यांना त्याच सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. त्या चित्राला त्यांनी लक्ष्मीला आलीस का, असे विचारणारे नाव दिले होते. ज्या घरांतून गौरी आणतात, त्या घरांतील मुलांना या नावाचा अर्थ निराळा सांगावयास नको. मराठी घरातील हा भाव त्यांनी परक्यांच्या प्रदर्शनात नेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. कोल्हापूरहून आलेल्या तरुणाने पत्करलेली वाट चुकीची नव्हती, हे आता सर्वांस पटले.

1896 साली धुरंधर त्याच कलाशाळेत शिक्षक झाले. मात्र यश आले म्हणून दुःख चुकले नाही. याच वर्षी मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. लोक शहर सोडून जाऊ लागले. त्याच सुमारास धुरंधरांची पहिली पत्नी तरुण वयातच निवर्तली. हा आघात त्यांनी सोसला आणि आपले शिकविण्याचे व चित्रे काढण्याचे काम पुढे चालू ठेवले. पुढे त्यांनी पुन्हा संसार मांडला. त्यांची कन्या अंबिका हीसुद्धा वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून चित्रकार झाली. मुलींनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेणे ही गोष्ट अपूर्व असण्याच्या त्या काळात तिने 1931 साली कलाशाळेची पदविका मिळविली.

धुरंधरांची नजर अत्यंत तीक्ष्ण होती. रस्त्यावरून जाताना दिसलेला पगडीचा घाट, लुगड्याचा पदर, भाजीवालीची बसण्याची ढब, घोडागाडीवाल्याचा चेहरा या साऱ्या गोष्टी त्यांच्या स्मरणात राहत आणि कागदावर हुबेहूब उमटत. मुंबईच्या जीवनावरील त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. 1920 साली प्रसिद्ध झालेल्या ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या ग्रंथासाठी त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या व प्रांतांच्या स्त्रियांची चित्रे काढली. पुस्तके, मासिके, जाहिराती, भित्तिचित्रे यांपैकी कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार असून कलेचे मोठे चाहते होते. औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रे पाहावयास मिळतात. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीसाठीही त्यांनी चित्रे काढली.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील चित्रकारांनी स्वदेशी चित्रपद्धतीचा पुरस्कार केला. मुंबईची कलाशाळा पाश्चात्यांचे अनुकरण करते, असा आक्षेप त्यांच्या बाजूने घेतला जाऊ लागला. या आक्षेपात विचार करण्याजोगे पुष्कळ होते. परंतु धुरंधरांनी आपली रीत सोडली नाही. रंगविण्याची पद्धत बाहेरून आली असली, तरी तिने रंगविलेली माणसे, त्यांचे सण आणि त्यांची घरे ही सर्वस्वी आपलीच होती.

शिक्षक म्हणून त्यांनी चित्रकारांच्या अनेक पिढ्या घडविल्या. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. ज्या शाळेत ते विद्यार्थी म्हणून आले होते, तिचे प्रमुखपदही त्यांनी काही काळ सांभाळले. आजवर इंग्रजांकडेच राहिलेल्या त्या जागी बसणारे ते पहिले भारतीय होत. 1931 साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून त्या वास्तूत घालविलेल्या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. ते पुस्तक 1940 साली प्रसिद्ध झाले. 1 जून 1944 रोजी त्यांचे निधन झाले.

काळ बदलला आणि चित्रकलेत नवे प्रवाह आले. धुरंधरांची चित्रे काही वर्षे मागे पडली. परंतु 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. पहिले बक्षीस मिळाल्यास तेव्हा सव्वाशे वर्षे लोटली होती. इंग्रजी अंमल संपला होता, ते परीक्षक राहिले नव्हते, चित्रातील स्त्रियांची राहणीही पालटली होती. तरी लोक त्या चित्रांसमोर थांबत होते आणि आपल्या आजी-पणजींचे जग त्यांत पाहत होते. परीक्षकांचे बक्षीस एका दिवसात मिळते, काळाच्या परीक्षेला मात्र पिढ्या लागतात. धुरंधरांची चित्रे या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाली आहेत.