परळचे हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण हाफकिन नावाचा कोणी माणूस होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, 1892 साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि 1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले.

1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या भांडवलावर हाफकिन यांनी काम सुरू केले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा ताळेबंद थक्क करणारा वाटतो! जंतू मुबलक वाढवायचे कसे? गाईचे वा डुकराचे मांस वापरले तर लोक लस नाकारणार. म्हणून बकऱ्याच्या मांसाचा अर्क घेतला व त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. (मराठीत तूप, कानडीत तुप्प, जंतूंना दोन्ही सारखेच.) त्या थेंबांना धरून जंतू पारंब्यांसारखे खाली लोंबत. चंबू हलवला की ते तळाशी पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी उष्णतेने जंतू मारले की लस तयार.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूला असा अर्क पुरत नाही. त्याला जिवंत पेशीच लागतात, मग त्या कोंबडीच्या अंड्यातल्या असोत वा काचपात्रात वाढवलेल्या. 2006 साली नवापूरच्या कोंबड्यांतील बर्ड फ्लू ओळखला, तो भोपाळच्या प्रयोगशाळेने.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी प्लेगची लसही आधी स्वतःस टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. कैदी स्वखुशीने पुढे आले म्हणतात. तुरुंगातली खुशी ती केवढी! 1898 साली हुबळीत हजारोंनी ही लस घेतली, आणि 1899 मध्ये परळचा जुना राजवाडा प्रयोगशाळेला मिळाला.

मात्र 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. सारे एकाच बाटलीतले. हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे आले तरी कलंक पुसायला 1907 साल उजाडले. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी भांडले. हाफकिन परतले ते कलकत्त्याला. परळची खुर्ची दुसऱ्याची झाली होती.

1925 साली त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपात होते. 1930 मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.