फादर स्टीफन्स : मरणापुढे उभी राहिलेली आशा



बार्शी तिथे सरशी, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. बाजारपेठ असो, शिक्षण असो, आपला गाव मागे राहत नाही. पण एक दार असे आहे की तेथे कोणाचीच सरशी चालत नाही. ते दार मरणाचे. आपल्याच गावात नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून माणसे तेथे येतात. कोणी बरा होऊन जातो, कोणी होत नाही. अशा वेळी आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला आपण आशा ठेवा असे सांगतो, तेव्हा नेमकी कशाची आशा ठेवायला सांगतो?

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या आत्म्यांसाठी राखून ठेवतो. या महिन्यात हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून आज आम्ही अशा एका धर्मगुरूंचे जीवन आपल्यापुढे ठेवत आहोत, ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर मराठीत, आपल्या ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांत दिले. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे 1549 साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा पाळणे धोक्याचे झाले होते. पवित्र मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला आणि त्याला आसरा देणाऱ्या घराला शिक्षा होई. तरुण थॉमस आपला मित्र थॉमस पाउंड याच्याबरोबर गुप्तपणे फिरत असे. स्वतः नोकराचा वेष घेऊन तो श्रीमंत मित्राच्या मागून चाले. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा होता. परंतु पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. थॉमस एकटाच रोमला पोहोचला. 1575 साली त्याला येशूसंघात प्रवेश मिळाला.

मित्र तुरुंगात आणि आपण मोकळे, हे ओझे घेऊनच त्याचे संन्यस्त जीवन सुरू झाले असेल. पुढे 1581 साली एडमंड कॅम्पियन या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूला लंडनमध्ये देहान्त शिक्षा झाली. तेव्हा थॉमस हिंदुस्थानात होता. मरण त्याच्या मायदेशातल्या सोबत्यांना गाठत होते.

4 एप्रिल 1579 रोजी तो लिस्बन बंदरातून निघाला आणि 24 ऑक्टोबर रोजी गोव्याला उतरला. गोव्याहून त्याने वडिलांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात वारे, प्रवाह, पक्षी, मासे या सर्वांचे बारीक वर्णन आहे. प्रवासात त्याच्या जहाजावर सुमारे दीडशे माणसे आजारी पडली व 27 मरण पावली. दर्यावर्दी लोकांना हा आकडा थोडाच वाटला, इतकी ती गोष्ट नेहमीची होती. तीस वर्षांच्या या तरुणाने समुद्रात सोडलेले मृतदेह पाहिले आणि मग आपल्या भूमीवर पाऊल ठेवले.

गोव्यात त्यांना धर्मगुरुदीक्षा मिळाली व सासष्टी तालुक्यात त्यांची नेमणूक झाली. तेथेच पुढची चाळीस वर्षे गेली. रायतूर, मडगाव, बाणावली, नावेली ही गावे त्यांच्या पायाखालची झाली. ते परत मायदेशी गेले नाहीत.

1583 सालच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे एक भयंकर घटना घडली. पोर्तुगीज सैन्याने त्या भागातील देवळे पाडली होती, घरे जाळली होती. लोकांच्या मनात संताप खदखदत होता. अशा वेळी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच येशूसंघीयांवर व त्यांच्या सोबत्यांवर गावकऱ्यांनी हल्ला केला. फादर रुडॉल्फ अक्वाविवा व इतर चौघे ठार झाले. त्यांचे मृतदेह विहिरीत टाकण्यात आले. ते मिळवून त्यांचे ख्रिस्ती रीतीने दफन करण्याचे काम फादर स्टीफन्स यांनी केले. या पाचही जणांना पोप तेरावे लिओ यांनी 1893 साली धन्यवादित घोषित केले. पण त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी काय केले, तेही आपण विसरू नये. गावातील प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांना मारण्यात आले.

बंधुभगिनींनो, पाप पाहायचे असेल तर ते येथे दोन्ही बाजूंना दिसते. सत्तेच्या मदाने केलेले पाप, सूडाने केलेले पाप, आणि पुन्हा त्याच्या बदल्यात केलेले पाप. एक मरण दुसऱ्या मरणाला जन्म देते. अशी साखळी तलवारीने तुटत नाही. फादर स्टीफन्स पुढेही त्याच सासष्टीत, त्याच लोकांत राहिले. ते त्यांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य नोंदवले आहे. पंडितांनी ही गोष्ट मांडली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी.

मराठीवर त्यांचे मन बसले. कोकणीतही त्यांनी धर्मशिक्षणाचे पुस्तक व व्याकरण लिहिले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे 1622 व 1640 साली छापली गेली. छापून निघालेले भारतीय भाषेचे पहिले व्याकरण म्हणून त्या ग्रंथाची ख्याती आहे.

‘ख्रिस्तपुराण’ कसे जन्मले, याची हकिकत त्या ग्रंथातच आलेली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. सायंकाळी घरी काय वाचावे, मुलाबाळांना काय ऐकवावे, मन कशात रमवावे, हे त्यांना कळेना. धर्मशिक्षणाच्या वेळी एकाने तसे बोलून दाखवले. ही मागणी फादरांनी मनावर घेतली. भूक खरी आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्या भागात हे वेगळे सांगायला नको. श्रावणात घरोघरी पोथी लागते, पारायणे होतात, पंढरीची वाट येथून दूर नाही. पोथी ऐकत वाढलेल्या माणसाला कोरड्या प्रश्नोत्तरांनी समाधान होत नाही.

1616 साली रायतूर येथे हे पुराण छापून निघाले. देवनागरी खिळे नसल्यामुळे अक्षरे रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. पहिल्या पुराणात 36 अध्याय आहेत, दुसऱ्यात 59. एकूण ओव्या 10,962. पहिले पुराण उत्पत्तीपासून सुरू होते. आदाम व एवा यांचे पाप, त्यातून जगात आलेले मरण, आणि तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांचा दीर्घ इतिहास त्यात आहे. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचा जन्म, त्याचे कार्य, दुःखसहन, क्रुसावरील मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण येते. स्वर्गाला फादर वैकुंठ म्हणतात, तारणाला मुक्ती म्हणतात. लोकांच्या ओठांवरचेच शब्द त्यांनी घेतले आणि त्यांत ख्रिस्त ठेवला.

या मांडणीकडे आपण नीट पाहिले पाहिजे. पापाची कथा सांगून फादर थांबले नाहीत. पापाची कथा ही पहिली कथा आहे, शेवटची नाही. ज्या मरणाला आपण शेवट समजतो, ते या ग्रंथात मधल्या पानावर येते. ख्रिस्त मरण टाळत नाही, तो मरणात उतरतो व तिसऱ्या दिवशी त्यातून उठतो. जहाजावरची माणसे, लंडनचे हुतात्मे, कुंकळ्ळीचे मृतदेह हे सर्व ज्याला ठाऊक होते, त्या माणसाने हे लिहिले. म्हणून त्यांची आशा स्वस्त नाही.

1619 साली फादर स्टीफन्स यांनी सासष्टीतच देह ठेवला. वय सुमारे सत्तर. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पुढे 1649 व 1654 साली आवृत्त्या निघाल्या. रविवारी व सणाच्या दिवशी ते चर्चमध्ये वाचले जाई. मग 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. जुन्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मात्र लोकांनी हाताने नकला करून हे पुराण जपले. टिपू सुलतानाच्या काळात, 1784 साली, मंगळूर भागातील हजारो ख्रिस्ती कुटुंबांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेण्यात आले. त्या दिवसांत याच पुराणाने त्यांना धीर दिला, अशी आठवण तेथील लोक सांगतात. 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून त्याची छापील आवृत्ती काढली. आता ते देवनागरीत, आजच्या मराठी गद्य अनुवादासहही मिळते.

ज्या ग्रंथाचा विषय पुनरुत्थान, तो ग्रंथही असा पुन्हा पुन्हा उठला.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण कशाची आशा द्यायची? औषधाने गुण यावा ही प्रार्थना आपण जरूर करावी, डॉक्टरांचे ऐकावे, उपचारात कसूर करू नये. पण ख्रिस्ती आशा तेवढ्यावर उभी नाही. गुण आला नाही तरीही ती कोसळत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ताच्या मरणात सामील झालो, तसेच त्याच्या जीवनातही सामील होऊ, हा आपला विश्वास आहे. तसेच पापाचे. कबुलीच्या संस्काराला जाताना आपली कथा येथेच संपली असे कोणी समजू नये. आपले दुसरे पुराण अजून बाकी आहे.

या महिन्यात आम्ही प्रत्येक कुटुंबाला एक विनंती करतो. सायंकाळी रोझरीनंतर घरातील दिवंगतांची नावे मोठ्याने घ्या आणि शुभवर्तमानातील पुनरुत्थानाचा एक उतारा वाचा. शक्य असेल तर ‘ख्रिस्तपुराणा’च्या चार ओव्याही म्हणा. मुलांना अर्थ विचारू द्या. आणि आठवड्यातून एकदा तरी एखाद्या आजाऱ्याला भेटून या. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा, त्याचा हात हातात घ्या. बोलायला शब्द सापडले नाहीत तरी चालेल.