फियाटच्या बॉनेटखालचा सोलापूरकर

ड्रॅग रेस म्हणजे काय हे मेकॅनिकलच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्या ब्रँचेससाठी थोडक्यात सांगतो. सरळ धावपट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैल म्हणजे 402 मीटर आधी कोण कापतं ते बघायचं. वळण नाही, घाट नाही. गाडी जागेवरून किती जोरात उठते यावरच सगळा खेळ. 2010 च्या दशकात आपल्या लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेसेस भरायच्या. त्याच्या कितीतरी आधी चेन्नईजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर, गाड्यांच्या शर्यती होत. त्या काळात आपल्या देशात गाड्या बनायच्याच मुळी तीन-चार जातीच्या, त्यामुळे हौशी लोक जी घरात असेल तीच घेऊन तिथं जायचे. आणि घरात असायची बहुतेक वेळा फियाट 1100!

आता या फियाटचा आणि सोलापूरचा काय संबंध? संबंध असा, की ही गाडी इटलीत जन्मली असली तरी आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची, आणि तो कारखाना काढणारा माणूस 23 नोव्हेंबर 1882 रोजी आपल्या सोलापुरात जन्मला. शेठ वालचंद हिराचंद. सोलापूरला आणि सांगलीला त्यांच्या नावाची इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. वालचंद म्हटलं की आपल्याला अॅडमिशनचा कटऑफ आठवतो, माणूस कोणाला आठवत नाही. माझ्या शाळेतल्या हिस्टरीच्या पुस्तकातही ते मला कधी भेटले नाहीत. ते भेटले एका जुन्या पद्मिनीच्या इंजिनची माहिती शोधताना.

घराणं गुजराती जैन, आडनाव दोशी, मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे. पोटापाण्यासाठी सोलापूरकडे आले आणि इथलेच झाले. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करत. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. 1899 साली ते मॅट्रिक झाले, मग मुंबईला सेंट झेवियर्स, तिथून पुण्याला डेक्कन कॉलेज. पण ती वर्षं प्लेगची. शिक्षण अर्धवट सुटलं, पदवी घेतलीच नाही. (केटीवाल्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये, पुढचं वाचावं.) घरच्या पेढीवर बसले तर तिथं मन रमेना. ज्वारीच्या व्यापारात हात घातला आणि चांगलाच पोळून घेतला.

त्यांचं आयुष्य फिरलं ते एका रेल्वेच्या माजी क्लार्कमुळे. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतली नोकरी सोडून कंत्राटं घेऊ लागले होते. त्यांना काम कळत होतं, पण भांडवल नव्हतं. वालचंदांकडे भांडवल होतं, आणि हातात काम नव्हतं. दोघांनी भागी केली. सुरुवातीच्या कामांत आपल्या शेजारच्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचं काम होतं, म्हणजे ती अडीच फुटी नॅरोगेज. एका गुजराती शेठच्या मुलानं सावकारी सोडून माती-मुरमात उभं राहणं तेव्हा घरच्यांना किती रुचलं असेल याची कल्पना करा! पण ते जमलं. पुढं त्यांच्या कंपन्यांनी बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले, तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारी पाइपलाइन टाकली. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाताना बोगदा आला की आपण मोबाइलची रेंज गेली म्हणून वैतागतो. तिथं एकदा आपल्या गावच्या माणसाची आठवण काढायला हरकत नाही. 1926 साली त्यांनी काढलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी तर सिव्हिलवाल्यांना माहीतच आहे.

मला मात्र त्यांच्या सगळ्या उद्योगांत सर्वात भारी वाटतो तो जहाजाचा किस्सा. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं होतं. नाव लॉयल्टी. युद्धात ते हॉस्पिटल शिप होतं, आणि त्याआधी एम्प्रेस ऑफ इंडिया या नावानं पॅसिफिक महासागरात प्रवासी नेत असे. 1891 सालचं जहाज, म्हणजे 1919 साली त्याचं वय अठ्ठावीस वर्षं. आपल्या भाषेत सेकंड हँड, तेही खटारा म्हणावं असं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन ते विकत घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला सोडलं. स्वतःही त्यातून गेले. आज 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो त्याच दिवसामुळे.

पुढं जे झालं ते कमी रोमँटिक आहे. समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश कंपनी होती, तिच्याकडे जहाजं भरपूर आणि सरकार खिशात. सिंदियाला माल मिळू नये म्हणून त्यांनी भाडी पाडली. सिंदियानं तोटा सोसला, पण कंपनी विकली नाही. शेवटी 1923 साली दहा वर्षांचा करार झाला, आणि त्यात सिंदियाला किनाऱ्याकिनाऱ्यानं व्यापार करण्याची मुभा मिळाली, परदेशी मार्ग बंद. लॉयल्टी त्याच वर्षी भंगारात गेलं. हा करार म्हणजे हार की जीत यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते ती निम्मी हार होती, आणि वालचंदांना ती आयुष्यभर टोचली असणार. कारण नंतर ते दुसऱ्याची जहाजं विकत घेण्यावर थांबले नाहीत, जहाज बांधायचंच असं त्यांनी मनावर घेतलं. 1941 च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली, आणि 14 मार्च 1948 ला पंडित नेहरूंनी तिथून जलउषा हे जहाज पाण्यात सोडलं.

गाडीचं वेड याच काळातलं. सर विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकात मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. वालचंद तिच्यामागं लागले. 1939 साली ते त्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी पुढं जमलं. गंमत म्हणजे त्या दौऱ्यातून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. तो चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. मोटारीच्या कामाला गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन आला! डिसेंबर 1940 मध्ये बंगलोरला म्हैसूर सरकारच्या मदतीनं हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. युद्ध पेटल्यावर 1942 साली सरकारनं त्यांचा हिस्सा घेऊन कारखाना ताब्यात घेतला. तीच आजची एचएएल. कँपस प्लेसमेंटला तिचं नाव बोर्डवर लागावं म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो, पण ती सोलापूरच्या माणसानं काढली हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

विमानं लढाईला लागत होती म्हणून सरकारनं करू दिली. मोटारीला मात्र नाही. युद्धाला तिची गरज नाही, मशिनरीसाठी परकीय चलन मिळणार नाही, असा सरकारचा सूर होता. कारण उघड होतं. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डचंही तेच. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथं नटबोल्ट आवळायचे, गाडी तयार. वालचंदांचं म्हणणं इथं गाडी बनली पाहिजे हे होतं. शेवटी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो वगैरे. खरं सांगायचं तर त्याही सुरुवातीला जोडलेल्याच होत्या. पण एकेक भाग इथं बनवत जायचं हे ठरलेलं होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. 1953 साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण ठरवलं, की ज्यांना टप्प्याटप्प्यानं गाडी इथं बनवायची आहे त्यांनाच परवानगी. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली.

वालचंद मात्र राहिले नाहीत. 1949 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, 1950 मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं, आणि 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. ज्या फियाट 1100-103 मॉडेलवरून पुढची सगळी पिढी गाडी शिकली, ते इटलीत त्याच वर्षी बाजारात आलं. म्हणजे त्यांनी ते कुर्ल्यात बनताना पाहिलंच नाही. डुक्कर फियाट, मग डिलाइट, 1974 पासून प्रीमियर पद्मिनी, अशी ती नावं बदलत 2000 च्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली.

आता आपल्या आवडीचा भाग. ही गाडी ड्रॅगला न्यायची तर काय करावं लागतं? कागदावर बघितलं तर हसू येतं. बोर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, चार सिलिंडर, 1089 सीसी. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन नऊशे किलोच्या आसपास. आजची साधी हॅचबॅकही तिला मागं टाकेल. पण फियाटवाल्यांचं सगळं प्रेम सुरू होतं ते बॉनेट उघडल्यावर. ब्लॉक कास्ट आयर्नचा, हेड अॅल्युमिनियमचं. हेड काढून खालून थोडं प्लेन केलं की कंबशन चेंबर लहान होतं, कंप्रेशन वाढतं. जास्त घासलं तर इंजिन नॉक मारतं, म्हणून इथं लोभ नको. मग इनटेक आणि एक्झॉस्टचे पोर्ट घासून गुळगुळीत करायचे, मोठा किंवा दुहेरी कार्बोरेटर, लांब लिफ्टचा कॅमशाफ्ट, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग. फ्लायव्हील लेथवर लावून हलकं करायचं, म्हणजे इंजिन पटकन आरपीएम घेतं. मागचं सीट, स्टेपनी, गालिचे सगळं घरी ठेवायचं. किलो कमी करणं हे हॉर्सपॉवर वाढवण्यापेक्षा स्वस्त असतं, कारण त्याला फक्त पाना लागतो.

मर्यादा पण आहेत. स्ट्रोक बोरपेक्षा मोठा. 5000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 12.5 मीटर येतो, 6500 ला नेलं तर सव्वासोळा. (गणित करून बघा, डिझाइनच्या पेपरला उपयोगी पडेल.) क्रँकला मेन बेअरिंग तीनच, त्यामुळे फार ताणलं की तो वाकायला बघतो. दुसरी भानगड म्हणजे गिअर. बहुतेक मॉडेल्सना तो स्टिअरिंगच्या दांड्यावर, कंपनीनं फ्लोअर गिअर दिला तो अगदी शेवटच्या काही वर्षांत. स्टिअरिंगवरचे लिंकेज झिजलेले असले की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाईपर्यंत शेजारचा निघून जातो. म्हणून रेसवाले गिअर खाली घेत.

मात्र एक गोष्ट या म्हातारीकडे आहे जी आजच्या बहुतेक लहान गाड्यांत नाही. जोर मागच्या चाकांवर. गाडी झेप घेते तेव्हा वजन मागं सरकतं आणि मागची चाकं रस्त्याला घट्ट धरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नेमकी तीच चाकं हलकी होतात. अर्थात मागं पाट्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे जास्त जोर दिला की अॅक्सल पिळवटून उड्या मारतो, त्यालाही आडव्या पट्ट्या लावून बांधावं लागतं.

या सगळ्या उपद्व्यापाला लागणारा माणूस आणि माल गल्लीत मिळतो हे मला महत्त्वाचं वाटतं. पिस्टन इथला, लायनर इथला, गॅस्केट इथलं, आणि हेड उघडायला न घाबरणारा मिस्त्री पण इथलाच. पेट्यांतून आलेली गाडी फक्त दुरुस्त करता येते, तीही पार्ट येईपर्यंत वाट बघून. कुर्ल्यात बनलेल्या गाडीत फेरफार करता आले, कारण तिचा प्रत्येक भाग कोणीतरी इथं आधी चुकत माकत बनवला होता. बंगलोर आणि विशाखापट्टणमलाही वालचंद नेमकं तेच मागत होते. शोलावरमला कार्बोरेटर बदलून फियाट पळवणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यात तेव्हा त्यांचं नाव आलं असेल असं वाटत नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

कोणाच्या घरी अशी गाडी पडून असेल आणि हे वाचून सुट्टीत हात शिवशिवले, तर इंजिनला हात लावण्याआधी ब्रेक बघा. चारही चाकांना ड्रम आहेत. 402 मीटर संपल्यावर गाडी थांबवायची पण असते.